धुतलेली जर्सी

विल्या, तुझ्या चेंडूंच्या खोलीत आज पहिल्यांदाच तुला न विचारता गेले. तरी दारात चपला काढल्या, आधी हात धुऊन कोरडे केले होते ते पुन्हा ड्रेसला पुसले आणि मगच आत पाऊल टाकलं. तू असतास तर भिंगातून मान वर न काढताच म्हणाला असतास, "अक्का, कशाला हात लावू नकोस हं." म्हणून नाही लावला. खिडकीशी उभी राहिले. वरून विमानं जात होती, एकामागून एक, लंडनच्या विमानतळाला खेटलेल्या तुझ्या हाउन्सलोत दुसरं काय दिसणार. आणि मला तुझा असा काही राग आला की नेहमीचा शब्द तोंडात आला. मेल्या. लहानपणापासून तुला मेल्या म्हणत आले, आई त्यावरून मला धपाटे घालायची. आता तो शब्द आला की मी ओठ मिटून घेते.

तू गेल्याला तीन आठवडे झाले. क्रिमेटोरियममध्ये सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. विमानतळावरच्या कार्गोतले तुझे सोबती आले होते, तुझ्या लेकाच्या, रोहनच्या टीममधली मुलं टोप्या हातात धरून मागं उभी होती. मुलं कसली, बाप्ये झालेत आता. एक जण इंग्रजीत म्हणाला की मिस्टर विलास हा फार शांत माणूस होता. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शांत नव्हता हो, गप्प होता. दोन्हीत फरक आहे, आणि तो फरक त्याच्या बायकोला विचारा. शैला माझ्या शेजारी होती. तिनं पूर्ण वेळ हातातला टिश्यू नुसता घडी घातला आणि उलगडला.

तुला आठवतं का, रोहननं क्रिकेट सोडून बेसबॉल धरला तेव्हा तू मला लेस्टरला फोन करून रडायचाच बाकी होतास. मिरजेच्या मास्तरांचा नातू, आणि क्रिकेट नको म्हणतो. "अक्का, ही म्हणजे विटीदांडूची बिघडलेली पोरगी आहे," असं तू म्हणाला होतास. शाळेतल्या एका मित्राबरोबर तो एकदा बागेत खेळायला गेला काय, आणि तिथलाच झाला. तू मुद्दाम बघायला गेलास, चूक काढायला. आणि तिथं तुझी विकेट पडली. पुढच्या उन्हाळ्यात मी आले तर तू स्वतः घडीची खुर्ची, फ्लास्क आणि छत्री घेऊन मैदानाच्या कडेला, आणि खाजकुइरीच्या झुडपात गेलेले चेंडू काठीनं शोधतोयस. मला म्हणालास, इथं त्याला नेटल म्हणतात, खाजकुइरी नव्हे. खाज तीच होती. हात कोपरापर्यंत लाल करून घेतले होतेस.

रोहन माझ्याकडे धावत आला होता. "आत्या, तू आला? माझा बॅट तुटली!" त्याचं मराठी असंच, लिंग कुठलंही लावायचा आणि वर हसायचा. बॅट तुटल्याचा त्याला आनंद, कारण मार जबरदस्त बसला होता. ती तुटकी बॅट तू अशी उचललीस जसं कोणी तान्हं मूल उचलतं. मूठ चिकट होती, त्यावर डांबरासारखी काळी राळ लावतात हे मला तेव्हा कळलं. मी रुमालानं पुसायला गेले आणि तू ओरडलास. माझ्यावर, सगळ्यांसमोर.

मग मला तुझं शास्त्र ऐकावं लागलं. सही केलेली वस्तू वेगळी आणि खेळात वापरलेली वस्तू वेगळी. सही काय, माणूस हॉटेलात खुर्चीवर बसूनही करतो. पण चिखल बसून लागत नाही. घाम, ओरखडा, गवताचा हिरवा डाग, राळ, हाच त्या वस्तूचा जीव, आणि पाणी लागलं की तो गेला. अमेरिकेत लोक कशी पारख करतात ते तू मला फोनवर तासभर सांगायचास. सामन्याचा फोटो घ्यायचा, मोठा करायचा, आणि वस्तूवरचा डाग नि फोटोतला डाग, शिवणीतला वाकडा टाका नि फोटोतला टाका, जुळतो का ते भिंगाखाली बघायचं. जुळला तर वस्तू खरी. नाही जुळला तर देवानं येऊन सांगितलं तरी खोटी. सुती हातमोजे घालून तू बसायचास. मी म्हटलं, विल्या, मुलगी बघायला गेलास तेव्हासुद्धा इतकं निरखलं नव्हतंस. शैला ट्रे घेऊन दारात उभी होती, ती खळखळून हसली होती. ती तशी हसायची हे आता सांगूनही कोणाला पटत नाही.

तेव्हा तो छंद होता. छंदच म्हणायचा. रोहन गेला आणि त्याचं काय झालं, त्याला मला अजून नाव सापडत नाही.

त्या रविवारी पाऊस पडून गेला होता. रोहन दुसऱ्या बेसकडे पळाला आणि चिखलातून घसरत गेला, अख्खी डावी बाजू काळी. नेमका त्या क्षणी तू फोटो काढलास. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. संध्याकाळी तू मला फोनवर सांगितलंस की जर्सीवरचा डाग सुकला की ती काचेत लावणार, फोटो शेजारी. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याच्या सायकलला लॉरीनं उडवलं.

मी आले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. वेम्बलीहून, साउथॉलहून, कुठून कुठून लोक डबे घेऊन येत होते. कोणी चहा करत होतं, कोणी गाद्या घालत होतं. आणि शैला काम करत होती. तिला बसवलं तरी ती उठायची. भांडी घासायची, ओटा पुसायची, घासलेलीच भांडी परत घासायची. आपल्याकडे सुतकात सगळं धुऊन काढतात, लहानपणापासून तेच बघितलेलं. तिनं कपड्यांची बास्केट उचलली आणि मशीनमध्ये रिकामी केली. त्यात काय आहे ते तिनं बघितलंसुद्धा नसेल. तुझ्या डागांचं शास्त्र माझ्याइतकंच तिलाही पाठ होतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात काही नव्हतं रे, नुसते हात चालले होते.

तू मागच्या दारातून बागेत गेलास. दोरीवर उशांचे अभ्रे, टॉवेल, आणि मध्ये रोहनची जर्सी. पांढरी शुभ्र. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं आता तू ओरडशील, बॅटच्या वेळी माझ्यावर ओरडला होतास तसा. तू नाही ओरडलास. जर्सी वाळेपर्यंत तिथंच उभा राहिलास, मग काढलीस, घडी घातलीस, आणि आत येऊन ओट्यावर शैलासमोर ठेवलीस. तुझ्या खोलीत नाही नेलीस. तेव्हा शैलाला कळलं. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. आणि तू? तू बाहेर बसलेल्या लोकांना पाणी हवंय का विचारायला निघून गेलास.

तिथून पुढं सात वर्षं तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. घरात सगळं रीतसर चालू. जेवतोस, बिलं भरतोस, तिला डॉक्टरकडे नेतोस, ईलिंग रोडवरून तिच्या आवडीची भाजी आणतोस. लोक म्हणायचे, बघा, कसे सांभाळतात एकमेकांना. आणि तू गोळा करत सुटलास. रोहनचा हात लागलेलं जे जे जगात असेल ते. तो ज्यांच्याविरुद्ध खेळला त्या मुलांना शोधलंस, पत्ते मिळवलेस, रजा टाकून गाड्या पकडून कुठल्या कुठल्या गावांना गेलास. त्यानं मारलेला चेंडू कोणी आठवण म्हणून ठेवला असेल तर तो मागायला. मुलांनी दिले. कोण नाही म्हणेल? एकदा लेस्टरला माझ्याकडे उतरला होतास. बेलग्रेव्ह रोडवरून आणलेली जिलबी मी पुढं ठेवली आणि तू ताटलीकडे न बघता मला एक चेंडू दाखवलास, त्यावरचा लाल दोरा एका जागी सुटलेला. "फोटोत दिसतोय गं, अक्का. हाच." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. त्या दिवसासाठी मी तुझे उपकार मानते, खरंच, कारण रोहन गेल्यापासून माझ्यासमोर तू तेवढाच एकदा रडलास. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, तू फिरवू दिलास.

पण पारख तू सोडली नाहीस. टीमनं रोहनची टोपी आणून दिली, त्याच्या लॉकरमधली, आणि तू ती परत केलीस. म्हणे त्या मापाच्या टोप्या तिघांकडे होत्या आणि एकाही फोटोत आतली शिवण दिसत नाही. मी फोनवर तुला फाडून खाल्लं. अरे, हातच्या काकणाला आरसा कशाला? पोराची टोपी आहे ती, कोर्टातला पुरावा नव्हे. शैलाला ती हवी होती, तिनं ती नाकाशी धरली होती. तू म्हणालास, "उगाच मानून घ्यायचं नसतं, अक्का. एकदा खोटं आत शिरलं की खऱ्याचंही मोल जातं." मोठा आला शहाणा. टोपी गेली. शैला त्यावरही काही बोलली नाही. तिला वाटायचं तिचा बोलायचा हक्कच संपलाय. दर उन्हाळ्यात तुझ्या खोलीत एक नवी पिशवी यायची, नीट हवाबंद केलेली, आणि प्रत्येक पिशवी तिला तेच सांगायची. तू न बोलता बोलायचास, विल्या. ते ओरडण्याहून वाईट.

हे मी तुझ्या पाठीमागं लिहीत नाहीये. तोंडावर सांगितलंय, दर रविवारच्या फोनवर. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटच्या रविवारी तर मी नमस्कार-चमत्कारही केला नाही, सरळ म्हटलं, आज शैला बागेत कपडे वाळत घालत असेल तेव्हा जा आणि तिला सांग की जर्सीचं झालं ते झालं.

"मी तिला कधी एका शब्दानं तरी बोललो का?" तू विचारलंस.

"तेच म्हणते मी. एका शब्दानं बोल."

विमान गेल्याचा आवाज मला इकडं ऐकू आला. मग म्हणालास, "पुढच्या रविवारी बोलू, अक्का." आणि फोन ठेवलास. मी चिडून फोन सोफ्यावर आपटला. बुधवारी सकाळी शैलाचा फोन आला की तू जिन्यात पडलास. मी बस पकडून आले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. शैला एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. ती तुझा हात चोळत होती. मी तुझ्याकडं बघून मनातल्या मनात ओरडत होते, ऊठ, दोन मिनिटं ऊठ, तिच्याकडं बघ आणि बोल, मग जा कुठं जायचं तिथं. शनिवारी संपलं. तुझा पुढचा रविवार यायचाच राहिला.

वॉर्डातल्या नर्सनं तुझे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. ते तुझं तपकिरी कार्डिगन, कोपराला विरलेलं. बेसबॉलच्या चामडी ग्लोव्हला लावायच्या तेलाचा वास त्याला सात वर्षांत मुरला होता. घरी आल्यावर शैलानं पिशवी माझ्याकडून घेतली, तोंडाला गाठ मारली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवली. मला वाटलं नजरेआड केली. तुझ्या सहवासात राहून मला एवढंही कळू नये, की ती तुझा वास जपून ठेवतेय!

क्रिमेटोरियमचा नंबर यायला इथं दिवस लागतात, तुला माहीत आहे. शेवटी तो दिवस आला, गेला, आम्ही घरी आलो. मीच सगळ्यांना दारात थांबवलं. आधी आंघोळी, मग बाकीचं. शैलाला वर पाठवलं. एकेकाचे अंगावरचे कपडे गोळा केले आणि मशीन लावायला घेतलं. कपाटातून पावडर काढताना ती पिशवी दिसली. हॉस्पिटलातली, इतके दिवस तशीच, आणि आज तर घर साफ व्हायला हवं. गाठ सोडली. बाकीच्यांबरोबर टाकलं. बटण दाबलं. एवढंच. विल्या, मी विचार केलाच नाही. घरातली मोठी मी, अशा दिवशी काय करायचं ते मला ठाऊक, आणि माझे हात ते करत होते.

शैला ओल्या केसांनी खाली आली. फरशीवर रिकामी पिशवी पडलेली. तिनं पिशवीकडं बघितलं, मग मशीनकडं. काचेला तुझी तपकिरी बाही चिकटली होती, मग ती फेसात गेली.

मी खाली बसून दार ओढायला लागले. उघडत नाही ते, एकदा पाणी भरलं की कुलूप बसतं. मी बटणं दाबली, सगळी. ते आपलं फिरतंय. माझ्या तोंडून काय काय निघत होतं कोण जाणे, अगं शैला, अगं माझं मेलीचं लक्षच, अगं मला वाटलं. सात वर्षं मी तुला शिकवत होते की एवढं काय त्यात, आणि आता त्या काचेसमोरून मला हलवेना. तू बागेत दोरीसमोर का उभा राहिलास ते मला तेव्हा समजलं. आणि तिनं तोंडावर हात का घेतले तेही. दोन्ही एकदम समजलं, आणि तुम्ही दोघं ते एकेकट्यानं घेऊन एका घरात राहत होता.

शैला माझ्याशेजारी फरशीवर बसली. तिनं माझे हात दारावरून काढले.

"असू दे, अक्का," ती म्हणाली. "हात आपोआप जातात."

बघ, विल्या. तुला सात वर्षं जमलं नाही ते तिला मशीन थांबायच्या आत जमलं. तेही त्या दिवशी. तुझी शेवटची वस्तू माझ्यामुळं गेली आणि ती मला धीर देत होती. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तू समोर असतास तर तुझ्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या. आम्ही दोघी बसून राहिलो. वरच्या खोलीत माणसं बोलत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"अक्का, ह्यांनी तुमच्यापाशी कधी काही काढलं होतं? जर्सीचं?"

मला तुझं ते एकच वाक्य आठवत होतं. पुढच्या रविवारी बोलू. त्यात हो होतं की नाही होतं, की नुसता फोन ठेवायची घाई होती, हे मी त्या दिवसापासून उलटसुलट करून बघतेय. मला नाही सांगता येत.

"काढलं होतं," मी म्हटलं. "शेवटच्या फोनवर."

ती माझ्याकडं वळली. "काय म्हणाले?"

तिला नुसतं मोघम नको होतं, शब्द हवे होते. सात वर्षं तुझ्या शेजारी राहून तीही पारख शिकली होती. माझ्या चेहऱ्याकडं ती अशी बघत होती की मला वाटलं, आता हिला टाका न टाका दिसणार.

"म्हणाला, असू दे. तिचे हात आपोआप गेले असणार, मला माहीत आहे. रविवारी सांगतो तिला, म्हणाला."

तिचेच शब्द, विल्या. मला दुसरे सुचले नाहीत. तिला कळलं असेल, नसेल. मशीन थांबलं, दाराचं कुलूप टक करून सुटलं, आणि तिनंच हात घालून कार्डिगन बाहेर काढलं. लोकर ती, आक्रसून बारक्या पोराच्या मापाची झाली होती. तिनं ते पिळलं, बागेत नेलं आणि दोरीवर वाळत घातलं. वाळल्यावर घडी केली आणि स्वतःच्या कपाटात ठेवलं, रोहनच्या जर्सीवर. ती जर्सी तिथं इतकी वर्षं होती हे मला त्या दिवशी कळलं. तुझ्या नियमानं दोन्हीत आता काही नाही. साबणाचा वास येतो फक्त.

तुझी खोली तशीच आहे, कोणी हात लावणार नाही. पण त्या घरात तुझी म्हणून एक गोष्ट मी आणून ठेवलीय, आणि तिला फोटो नाही, साक्षीदार नाही, तुझ्या भिंगाखाली ती एक क्षण टिकायची नाही. टोपी परत केलीस तशी ही करू नकोस. काल शैला कपडे वाळत घालताना मला म्हणाली, रविवारी सांगणार होते ना हे, आणि थोडीशी हसली. तेव्हा आता नीट ऐक. तू ते म्हणाला होतास, विल्या. मी तुझी मोठी बहीण आहे, मी सांगते.